खिडकीजवळची खाट

आमच्या गावच्या दवाखान्याची जागा आबांनी दिली, असं लोक अजून सांगतात. दारावरच्या फरशीत आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नावही कोरलेलं आहे. साफ खोटं. कागदावर जागा आबांची होती हे खरं, पण त्या जागेवर गवऱ्या मायच्या वाळत होत्या. गावच्या सभेत आबा हात वर करून मोकळे झाले आणि टाळ्या घेऊन घरी आले, तेव्हा माय चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. हातातली थाप न थांबवता ती म्हणाली, “दी टाकी? आते गवऱ्या तुमना डोकावर थापू का?” आबा जेवायला बसले ते मान खाली घालूनच. मायचा राग मात्र भाकरी तव्यावर टम्म फुगेपर्यंतच टिकायचा. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच सगळ्या गवऱ्या उचलून मागच्या आवारात रचल्या आणि जागा झाडून, सडा घालून दिली. माझी आई अशी होती. बोलायला तिखट, करायला मऊ.

सरकारनं ठरवलं होतं की आमच्यासारख्या गावांत बाळंतपणाचा दवाखाना काढायचा. निम्मं सरकार देणार, निम्मं गावानं अंगमेहनतीनं उभं करायचं. श्रमदान हा शब्द तेव्हा नवा कोरा होता आणि पुढाऱ्यांच्या तोंडी फार असायचा. पुढारी एक घमेलं उचलायचे, फोटो काढायचे आणि चहा प्यायला आमच्या ओट्यावर यायचे. खरी वाळू वाहिली ती बायकांनी, गिरणेच्या पात्रातून, डोक्यावर. त्यांत सगळ्यांत पुढे असायची आमची वहिनी.

वहिनीबद्दल लिहायला बसले की माझा हात अडतो. ऐंशी ओलांडली, तरी अडतो. तिचं नाव सुमन. माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. तापीपलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. आमचा तेव्हा पूर्व खानदेश, तिचा पश्चिम. त्यामुळे आमच्या घरात ती परदेशातून आल्यासारखी तिच्या बोलण्याची नक्कल व्हायची, आणि सगळ्यांत छान नक्कल तीच करायची. ती आली तेव्हा मी परकर नेसणारी आगाऊ पोर होते. तिनं पहिल्याच आठवड्यात माझ्या उवा काढल्या, केसांना तेल चोपडलं आणि सांगितलं, “इंदू, आजपाईन तू मनी.” मी तिचीच झाले. ती हसायला लागली की आवाज करायची नाही, नुसते खांदे हलायचे. सासऱ्यासमोर हसू आलं की पदर दातात धरून ती मागच्या दारी पळायची आणि आबा खोटंच खाकरायचे. घरात सून हसते आहे हे त्यांना आवडायचं, पण तसं दाखवायचं कसं हे ठाऊक नव्हतं.

दवाखाना उभा राहिला. दोन खोल्या, पुढे ओटा, वर मंगलोरी कौलं. गावातली बाकी सगळी घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपरांची, म्हणून ती लाल कौलं लांबून दिसायची. स्टेशनावरून बैलगाडीत तीन लोखंडी खाटा आल्या, एक काचेचं कपाट आलं, आणि त्यांच्या मागोमाग नर्सबाई आल्या. साताऱ्याकडच्या, कडक इस्त्रीच्या, पालीला घाबरणाऱ्या. पाल दिसली की एवढ्या मोठ्या बाई खाटेवर चढून ओरडायच्या आणि मग आमच्याच आयाबायांना स्वच्छतेवर व्याख्यान द्यायच्या. सगळा गाव खाटा बघायला लोटला. बायकांनी गाद्या दाबून पाहिल्या, स्प्रिंगा वाजवून पाहिल्या. खिडकीजवळच्या खाटेवर वहिनी धपकन बसली, दोनदा उसळली आणि म्हणाली, “हाई खाट मनी! बठ्ठासनी आयकी ल्या.” तिला तेव्हा दिवस गेले होते, हे बायकांना ठाऊक होतं. सगळ्या फिस्सकन हसल्या. नर्सबाई रागावल्या, “अहो, चपला घालून चढू नका गादीवर!” वहिनीच्या पायात चपला नव्हत्याच. खानदेशातल्या सुनेच्या पायात तेव्हा चपला कुठून येणार?

त्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा पोरांना दूध मिळायचं. दुधाची भुकटी परदेशातून यायची म्हणे. नर्सबाई ती पाण्यात कालवून पेल्यातून द्यायच्या. आम्हाला ते कोमट दूध नको असायचं, कोरडी भुकटी हवी असायची. ती टाळूला चिकटली की जिभेनं खरवडत बसायचं, तासभर पुरायची. वहिनीसाठी मी ती परकराच्या ओच्यातून आणायचे. “बाळाला पाहिजे,” म्हणून ती बोटानं चाटायची आणि तिचे खांदे हलायचे. नर्सबाईंनी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या होत्या आणि म्हटलं होतं, “अंगात रक्त नाही हिच्या. गोळ्या देते त्या घ्यायच्या, आणि बाळंतपण इथेच करायचं. घरापासून दहा पावलांवर आहे.” मायनं गोळ्या पदरात बांधल्या. दुसऱ्या गोष्टीवर ती काही बोलली नाही.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडची आखाजी म्हणजे काय ते आता घरात टीव्हीपुढे बसलेल्यांना काय सांगायचं! कडुलिंबाच्या फांदीला झोके, आंगणात खापरावर हातरुमालाएवढी नव्हे, चांगली धोतरासारखी पसरणारी पुरणपोळी, पातेलंभर आंब्याचा रस, आणि सासरी गेलेल्या गावच्या सगळ्या लेकी परत. पण लेकी येतात म्हणजे सुनाही जातात. प्रत्येक घरी एक गाडी यायची आणि एक गाडी निघायची. त्या वर्षी माझी थोरली बहीण, आक्का, माहेरी आली ती बाळंतपणासाठीच. पहिलंच होतं तिचं. वहिनीचंही पहिलंच. आक्काला आठवा, वहिनीला सातवा. मायनं बोटं मोजली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि आबांना सांगून टाकलं की सुमनच्या वडिलांना निरोप धाडा, आखाजीला गाडी घेऊन या.

आता इथे मी जरा थांबते, कारण माझ्या नाती हे वाचतील आणि माझ्या आईला खाष्ट सासू ठरवून मोकळ्या होतील. थांबा गं बायांनो. त्या काळी खाष्ट सासू कोण? जी सुनेला पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडत नाही ती. सुनेला नवव्या महिन्यापर्यंत राबवून घेते, आईच्या हातचं हळीव-डिंक तिच्या नशिबी येऊ देत नाही, ती. गावात अशी एक होती आणि तिच्या ओट्यावर कोणी हळदीकुंकवाला चढत नसे. माझ्या आईला तसं व्हायचं नव्हतं. शिवाय एका छपराखाली दोन बाळंतिणी नसाव्यात, एकीची छाया दुसरीला भोवते, हे तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं. आणि लेकीला तर घरातून काढता येत नाही. ती माहेरीच आलेली.

वहिनीनं एकदाच विचारलं. धाब्यावर आम्ही बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घालत होतो, ऊन असं की पाय उचलून उचलून टाकावे लागत होते. ती मायला म्हणाली, “माय, मी आठेच राहू का? खाट शे, बाई शेतस. मना माहेरले कोनीच नही.” तिच्या आवाजात थट्टा नव्हती. मी मान वर करून पाहिलं ते त्यामुळेच. मायनं बिबडी पसरता पसरता तिच्याकडे बघितलं आणि किती मायेनं म्हणाली, “येडी का काय तू! माहेर सोडीसन सासरले बायंत व्हशी? लोक माले काय म्हनतीन, सूनले माहेर तोडी टाकं? तुनी माय वाट दखी राहिनी. जाय, चार महिने पाय लांबा करीसन झोप.” वहिनी हसली. मग मी आणि ती पुन्हा बिबड्या घालायला लागलो. दादा खाली खळ्यात होता, त्यानं सगळं ऐकलं असणार. पण बापाच्या घरात तरण्या नवऱ्यानं बायकोबद्दल बोलायची सोय नव्हती. बोलला असता तर बायल्या म्हणून नाव पडलं असतं.

नर्सबाई मात्र तणतणत घरी आल्या. “अहो, ही मुलगी पांढरीफटक आहे. तिच्या माहेरी शहाणं माणूस नाही, दवाखाना नाही, रस्ता नाही. सरकारनं हे सगळं काय गवऱ्या थापायला बांधलं?” शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मायचं नाक लाल झालं. तरी तिनं त्यांना पाटावर बसवलं, रसाची वाटी पुढे ठेवली आणि शांतपणे सांगितलं, “बाई, तुम्ही शिकेल शेतस. पन रीत ती रीत.” बाईंनी रस तसाच ठेवला. नंतर मी तो प्यायले.

वहिनीचे वडील, नाना, गाडीला झूल घालून आले. बिचारे किती हौसेनं! लेकीसाठी गाडीत गवत, गवतावर गोधडी, गोधडीवर उशी. तिकडे तिच्या आईनं डिंकाचे लाडू करायला घेतले होते, पाळणा रंगवला होता. त्यांनी लेक नेली नसती तर त्यांच्याही गावात बोलले असते की एका लेकीचं बाळंतपण करायची ऐपत नाही. मायनं वहिनीची ओटी भरली. नर्सबाईंच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून दिल्या. गाडीत चढताना वहिनीनं आक्काला हाक मारली, “आक्का, मनी खाट मोडी टाकू नका बरं!” आक्का अंगानं भरलेली होती, तिला राग यायचा, पण त्या दिवशी तीही हसली. मला वहिनी म्हणाली, “पोळाले येस मी, भुकटी ठी देजो.” मी गाडीमागे मारुतीच्या पारापर्यंत पळत गेले. त्यापुढे धुळीत काही दिसेना म्हणून परत आले.

ज्येष्ठात आक्काला कळा सुरू झाल्या. भर दुपारची वेळ. दहा पावलं चालत गेली ती दवाखान्यात, मायच्या खांद्यावर हात टाकून, मध्येच आबांना “जेवून घ्या” सांगत. बाकीच्या दोन खाटांवर बायका होत्या, म्हणून तिला खिडकीजवळची मिळाली. मी बाहेर ओट्यावर बसले होते. स्टोव्हचा आवाज, भांड्यांचा आवाज, आक्काचा आवाज, आणि मग तो चौथा आवाज, ज्यासाठी आपण सगळेच थांबलेले असतो. मुलगा झाला. मी उठून नाचणार, तोच आत धावपळ झाली. “दार लावा!” असं नर्सबाई ओरडल्या. नंतर मायनं सांगितलं ते असं, की मूल झाल्यावर आक्काचं रक्त थांबेना. गादी भिजली. आक्काचे ओठ पांढरे पडले, ती “माय, माले दिसत नही” म्हणू लागली. बाईंनी काचेच्या कपाटातून एक कुपी काढली, दंडात सुई टोचली, पोट चोळत राहिल्या. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात रक्त ओसरलं. संध्याकाळी आक्का भाताची पेज प्यायली आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरली. मायनं नर्सबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. बाई मागे सरकल्या आणि म्हणाल्या, “अहो, मी काही नाही केलं. औषध होतं म्हणून झालं.”

आषाढात नाना आले. गाडी नव्हती, चालत आले होते. तापीला पूर, नाव बंद, म्हणून दोन मुक्काम करून, गुडघ्यापर्यंत काळी माती. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक तोंडात कोंबलेलं. आबा ओट्यावर होते, मी आंगणात. आबा उठले. नानांनी ओट्याच्या खांबाला डोकं लावलं आणि म्हणाले, “पोर शे. पोर चांगली शे. मनी सुमन नही राहिनी.” आतून मायच्या हातातली परात पडल्याचा आवाज आला. ती फिरत फिरत किती वेळ वाजत राहिली, कोणी तिला थांबवलं नाही.

मग माय बाहेर आली. तिनं एकच विचारलं. “रगत का?” नानांनी मान हलवली. मूल सुखरूप झालं, मुलगी. मग रक्त थांबेना. गावातल्या सुईणीनं तिला येत होतं ते सगळं केलं, पोटाला फडकी बांधली, देवाला नारळ बोलली. चांगली बाई होती, तिनं तरी काय करावं? नाना तालुक्याला न्यायला गाडी जुंपायला गेले. चिखलात चाक रुतू नये म्हणून दोन बैलजोड्या जोडत होते. जू बांधून होईपर्यंत घरातून रडण्याचा आवाज आला. “दिसत नही, दिसत नही, करे,” नाना म्हणाले. “भर दुपारले.”

माय तिथेच खाली बसली. तेच शब्द. तेच रक्त. एकीसाठी कपाटात कुपी होती आणि दुसरीला तिनं स्वतः गाडीत बसवलं होतं, ओटी भरून. मी त्या दिवशी माझ्या आईचा चेहरा पाहिला, आणि वहिनी गेली या दुःखाइतकंच ते दुःख माझ्या मनात राहिलं. दादा खळ्यातून आला, उभ्या उभ्या ऐकलं आणि परत खळ्यात गेला. त्याचं दोन वर्षांनी दुसरं लग्न झालं. नवी वहिनीही भली होती. पण दादाला मी मोठ्यानं बोलताना पुन्हा ऐकलं नाही.

सव्वा महिन्यानं वहिनीची आई मुलीला घेऊन आली. दुधाविना पोर अर्धी झाली होती. दोघी विहिणी दारातच समोरासमोर उभ्या राहिल्या. तिची आई म्हणाली, “विहीनबाई, तुमनी सून माले संभाळता नही उनी.” माय म्हणाली, “धाडी ते मीच.” आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की अख्खी गल्ली दारात आली. तेवढ्यात आतून आक्का आली, पोर घेतली आणि पदराखाली धरली. एका बाजूला तिचा मुलगा, दुसऱ्या बाजूला वहिनीची मुलगी. नर्सबाईंनी नंतर तिला भुकटीचं दूधही सुरू केलं. तिचं नाव आम्ही तापी ठेवलं. बोळकं पसरून हसायला लागली तेव्हा तिचे खांदे हलायचे. आक्का ते बघून मागच्या दारी निघून जायची.

माय पुढच्या आखाजीला जे वागली ते सांगायलाच खरं तर मी हे प्रकरण लिहायला घेतलं. शेजारच्या पाटलाच्या सुनेला सातवा लागला होता, तिचं माहेरही आडवळणी. गाडी दारात उभी. माय गेली आणि बैलांपुढे उभी राहिली. “पोर आठेच राही.” पाटलीणबाई म्हणाल्या, रीत मोडायची कशी? मायला तोड सुचली. ती त्या सुनेला हात धरून आमच्या घरी घेऊन आली, चौरंगावर बसवली, खणानारळानं ओटी भरली, डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “आजपाईन मी तुनी माय. हाई घर तुनं माहेर.” झालं! रीत राहिली जागच्या जागी. सून माहेरी आली, माहेरापासून दहा पावलांवर बाळंत झाली. तिच्या सख्ख्या आईला मायनं बोलावून घेतलं, मानानं ठेवलं, लाडू दोघींनी मिळून वळले. आधी गावानं नावं ठेवली. म्हणाले, सून खाल्ली आणि आता गावच्या सुना गोळा करते. माय ऐकून घ्यायची. तोंड मिटून ऐकणारी ती बाई नव्हती, पण या एका बोलण्यावर तिनं कधी उत्तर दिलं नाही. मग हळूहळू सगळ्या यायला लागल्या. वरच्या आळीतल्या, वाड्यापाड्यांवरच्या, भिल्लांच्या वस्तीतल्यासुद्धा. पोळ्याला आमच्या घरी इतक्या मानलेल्या लेकी यायच्या की आबा म्हणायचे, “माले आते जेवाले जागा द्या कोनी.”

पण खिडकीजवळच्या खाटेवर माय कोणाला निजू द्यायची नाही, बाकी दोन भरल्याशिवाय. नर्सबाईंना कारण माहीत होतं.

सरकारनं बांधलेलं सगळ्यांत मोठं काय, असं विचारलं तर लोक धरणं सांगतात, वीजघरं सांगतात. सांगोत बापडे. मी सांगेन, तीन खाटा आणि एक काचेचं कपाट. आणि ते तापीपलीकडे नव्हतं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वहिनीच्या गावात दवाखाना झाला तेव्हा तिची मुलगी लग्नाची झाली होती.

तापी माहेरी आली बाळंतपणाला. माहेर म्हणजे आमचंच घर, तिला दुसरं कुठलं? तोवर त्या नर्सबाई बदलून गेल्या होत्या, नवी आली होती, पण खाट तीच होती, रंगाचे पोपडे निघालेली. मायला तेव्हा नीट चालवत नव्हतं. तरी काठी टेकत ती दहा पावलं गेली आणि बाकीच्या दोन खाटा रिकाम्या असताना तिनं तापीला खिडकीजवळ निजवलं. “हाई तुनी मायनी खाट शे,” एवढंच म्हणाली. दिवसभर खाटेच्या पायथ्याशी लोखंडी दांडा धरून बसून राहिली. दुपारी मूल झालं. नर्सनं सुई टोचली, गादी पाहिली आणि म्हणाली, सगळं ठीक आहे. तेव्हा माय रडायला लागली. इतकी वर्षं मी तिला तशी रडताना पाहिलं नव्हतं, तोंडावर पदर न घेता. तापी घाबरली. “आजी, रडतेस कशाला? सगळं नीट झालं ना?”

“नीट व्हयनं म्हनीसनच रडस, बेटा,” माय म्हणाली. तिनं खाटेवरून, गादीवरून, तापीच्या दंडावर सुई टोचली होती तिथून हात फिरवला. “इतलंच लागत व्हतं. तुनी मायले इतलंच लागत व्हतं.”